कंपनी बुडाली, पण सुट्या भागांचा धंदा उभा राहिला

एखादे यंत्र बनविणारी कंपनी बंद पडली म्हणजे त्या यंत्राचा बाजार संपला, असे आपण धरून चालतो. दुकानदार उरलेला माल मिळेल त्या भावाने काढून टाकतो. दुरुस्ती करणारा कारागीर "आता याचे पार्ट येत नाहीत" असे सांगून गिऱ्हाइकाला परत पाठवितो आणि यंत्र भंगारात जाते. बहुतेक वेळा हे खरेही असते. परंतु काही यंत्रे अशी निघतात की कंपनी बुडून तीस वर्षे झाली तरी गिऱ्हाईक त्यांना सोडीत नाही. मग त्यांचे सुटे भाग नव्याने बनविणारा एक वर्ग तयार होतो. हा वर्ग मोठ्या कारखानदारांचा नसतो. घरातल्या एका खोलीत, एका टेबलावर सोल्डरिंगचे सामान मांडून बसणाऱ्या माणसांचाच त्यात भरणा असतो.

'कमोडोर ६४' या घरगुती कॉम्प्युटरची हकीकत या दृष्टीने आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांनी समजून घेण्यासारखी आहे. आपल्याकडे हा कॉम्प्युटर थोड्याच लोकांनी पाहिला असेल. अमेरिका, इंग्लंड, जर्मनी आणि युरोपातील इतर देशांत मात्र १९८० च्या दशकात तो घरोघरी होता. त्यावर खेळत वाढलेली मुले आज पन्नाशीला आली आहेत. माळ्यावरचा आपला जुना कॉम्प्युटर पुन्हा चालू व्हावा, असे त्यांना वाटते आणि त्यासाठी पैसे मोजण्याची त्यांची तयारी असते. या मागणीवर जो धंदा उभा राहिला, त्याचा हा परिचय.

टाइपरायटर दुरुस्तीपासून सुरुवात

कमोडोर कंपनीचा संस्थापक जॅक ट्रमिएल हा मूळचा पोलंडमधील लोड्झ शहराचा. नाझी छळछावणीतून वाचून तो अमेरिकेत आला. तेथे सैन्यात असताना टाइपरायटर दुरुस्त करण्याचे काम शिकला आणि १९५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात त्याने टाइपरायटर दुरुस्तीचे दुकान काढले. टाइपरायटरवरून हिशेबाची यंत्रे, त्यावरून खिशात मावणारे कॅल्क्युलेटर आणि त्यावरून कॉम्प्युटर, असा त्याचा धंदा वाढत गेला.

कॅल्क्युलेटरच्या धंद्यात त्याला एक कडू अनुभव आला. ज्या कंपन्यांकडून तो आयसी विकत घेत असे, त्यांनीच स्वस्त कॅल्क्युलेटर बाजारात आणून त्याचा भाव पाडला. कच्चा माल दुसऱ्याच्या हातात असला की आपली मान त्याच्या हातात राहते, हे ओळखून १९७६ मध्ये कमोडोरने 'एमओएस टेक्नॉलॉजी' ही आयसी बनविणारी कंपनीच विकत घेतली.

याचा परिणाम १९८२ मध्ये दिसला. त्या वर्षी जानेवारीत कमोडोर ६४ लोकांपुढे मांडण्यात आला. किंमत ५९५ डॉलर. त्यात ६४ किलोबाइट स्मृती होती, रंगीत चित्रासाठी एक खास आयसी आणि आवाजासाठी दुसरी खास आयसी होती. मुख्य आयसी घरच्याच कारखान्यात बनत असल्यामुळे पुढच्याच वर्षी कंपनीला हा भाव २०० डॉलरच्या आसपास खाली आणता आला. या कॉम्प्युटरचे किती नग खपले याविषयी निरनिराळे अंदाज आहेत. परंतु सव्वा कोटीपासून एक कोटी सत्तर लाखांपर्यंतचे आकडे सांगितले जातात. एकाच नमुन्याचा इतका खपलेला दुसरा घरगुती कॉम्प्युटर नाही, असे मानले जाते.

परंतु जी गोष्ट कंपनी चालू असताना फायद्याची होती, तीच ती बंद पडल्यावर अडचणीची ठरली. २९ एप्रिल १९९४ रोजी कमोडोरने दिवाळे जाहीर केले. बाजारात सर्वत्र मिळणाऱ्या आयसी वापरल्या असत्या तर त्या दुसऱ्या कोणत्या कारखान्याकडून मिळाल्या असत्या. येथे चित्राची, आवाजाची आणि जोडणीची आयसी जगात एकच कारखाना बनवीत होता. लाखो यंत्रे लोकांच्या घरी चालू होती आणि त्यांचा सुटा भाग बनविणारा कोणीही उरला नव्हता.

आधी काय बिघडते ते पाहिले

सुटे भाग बनविण्याच्या धंद्यात पहिला प्रश्न असतो तो कोणता भाग बनवावा हा. ज्याला बनविता येतो तो भाग बनविणे ही नवशिक्याची रीत झाली. जो भाग वरचेवर बिघडतो आणि ज्याच्यावाचून यंत्र अडून बसते, तो भाग धंद्याचा.

कमोडोर ६४ मध्ये असे काही भाग ठरलेले आहेत. पहिला म्हणजे बाहेरचा पॉवर सप्लाय. दुसरा 'पीएलए' नावाची २८ पायांची आयसी. तिसरा आवाजाची 'सिड' नावाची आयसी. त्याशिवाय स्मृतीच्या आयसी, जुन्या फ्लॉपीचा ड्राइव्ह, कीबोर्ड आणि पिवळा पडलेला प्लास्टिकचा खोका. या प्रत्येक भागाची अडचण वेगळी होती आणि म्हणून प्रत्येकाचा इलाजही वेगळा निघाला.

पॉवर सप्लाय : स्वस्तात महाग पडणारा सौदा

या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय म्हणजे विटेच्या आकाराचा एक काळा डबा. आतील भाग कंपनीने रेझिन ओतून कायमचे बंद केलेले असत. त्यामुळे उष्णता बाहेर पडत नाही आणि डबा उघडून दुरुस्तही करता येत नाही. त्यातून दोन प्रकारची वीज निघते : ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी.

वर्षानुवर्षे तापून आतील रेग्युलेटर खराब होतो. तो नुसता बंद पडला असता तर फारसे बिघडले नसते. परंतु पुष्कळदा तो वर चढतो, म्हणजे ५ व्होल्टच्या जागी ६ किंवा त्याहून अधिक व्होल्ट सोडू लागतो. या जातीच्या आयसींना ५ व्होल्टमध्ये पाच टक्के, म्हणजे ४.७५ ते ५.२५ एवढाच फरक मानवतो. चाळीस वर्षे जपलेला कॉम्प्युटर एका बटणासरशी जातो आणि पहिला बळी बहुधा स्मृतीच्या आयसींचा पडतो.

म्हणून नवीन पॉवर सप्लायला सर्वांत आधी मागणी आली. यात ५ व्होल्टसाठी आधुनिक स्विचिंग पद्धतीचा सप्लाय आणि ९ व्होल्ट एसीसाठी छोटा ट्रान्सफॉर्मर, अशी जोडी बसवितात. काहींनी त्याहून साधी वस्तू बनविली. जुना सप्लाय आणि कॉम्प्युटर यांच्या मध्ये लावायची एक लहान डबी. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले की ती वीज तोडते.

येथे अर्धवट माहितीचे नुकसान कसे होते तेही पाहण्यासारखे आहे. ९ व्होल्ट एसीची काय गरज, दोन्ही डीसी देऊन टाकू, असे एखाद्याला वाटेल. परंतु याच एसीतून कॉम्प्युटर आतल्या आत जादा व्होल्टेज तयार करतो आणि त्याच एसीचे ५० किंवा ६० ठोके मोजून त्याच्या जोडणीच्या आयसीमधील घड्याळ चालते. मूळ बनविणाऱ्याने एखादी गोष्ट का ठेवली, ते कळल्याशिवाय ती काढू नये.

पॉवर सप्लाय हा भाग दिसायला सर्वांत सोपा आणि जबाबदारीने सर्वांत मोठा आहे. त्याचा एक टोक घराच्या विजेला आणि दुसरा गिऱ्हाइकाच्या यंत्राला जोडलेला असतो. दोन पैसे वाचवून निकृष्ट माल घातला तर गिऱ्हाइकाचे यंत्र जाते, प्रसंगी आगही लागते. विद्युत सुरक्षिततेच्या चाचणीचा खर्च ज्याला झेपत नाही, त्याने दुसऱ्याचा प्रमाणित सप्लाय घेऊन केवळ जोडणी आणि संरक्षणाचा भाग स्वतः करावा, हे बरे.

पीएलए : आकार नव्हे, काम ओळखले

आता पीएलएकडे येऊ. या आयसीचे काम चौकातल्या वाहतूक पोलिसासारखे आहे. कमोडोर ६४ च्या प्रोसेसरला ६५,५३६ पत्ते दिसतात. ते सर्वच्या सर्व ६४ किलोबाइटच्या स्मृतीने व्यापलेले आहेत. त्याखेरीज कायम मजकुराच्या २० किलोबाइटच्या आयसी आहेत, चित्र आणि आवाजाच्या आयसी आहेत. म्हणजे एकाच पत्त्यावर दोन-दोन, तीन-तीन बिऱ्हाडे. प्रोसेसरने पत्ता पुकारला की त्या क्षणी कोणी उत्तर द्यायचे आणि कोणी गप्प बसायचे, हे पीएलए ठरविते. ती खराब झाली की पडद्यावर काहीच उमटत नाही. ही आयसी चांगलीच तापते आणि म्हणूनच वरचेवर जाते.

तिला १६ तारा आत येतात आणि ८ बाहेर जातात. कोणाच्या तरी लक्षात आले की १६ तारांच्या चालू-बंदच्या एकूण जोडण्या बरोबर ६५,५३६ होतात. आणि बाजारात २७सी५१२ नावाची ईप्रॉम मिळते, तिच्यात नेमके ६५,५३६ बाइट मावतात आणि प्रत्येक बाइटमध्ये ८ चालू-बंद असतात. म्हणजे प्रत्येक जोडणीसाठी कोणते उत्तर द्यायचे ते आधीच ईप्रॉममध्ये लिहून ठेवले, की पीएलएचे काम ती ईप्रॉम करील. हिशेब करायला नको, तयार कोष्टकातून उत्तर उचलून द्यायचे. दुकानात गुणाकार करण्याऐवजी रेडी रेकनर पाहावा, तसाच हा प्रकार. फक्त पायांची मांडणी जुळविण्यासाठी मध्ये एक लहान पाटी लागते.

ही युक्ती स्वस्त होती आणि पुष्कळ कॉम्प्युटर तिने चालू झाले. पण सर्वच नव्हेत. काही यंत्रांवर चित्रात ठिपके येत, काही खेळांच्या कार्ट्रिज चालत नसत. कारण असे की, उत्तर बरोबर असणे पुरेसे नव्हते. ते वेळेवर आणि स्वच्छ येणेही जरूर होते. ईप्रॉम पत्ता बदलताना क्षणभर चुकीची उत्तरे दाखविते आणि मग स्थिरावते. तो क्षण एका सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजण्याइतका छोटा असतो, परंतु स्मृतीच्या आयसी तेवढ्यातही फसतात.

पुढे दुसऱ्यांनी अधिक वेगवान आयसी वापरून पाहिल्या, तर कोठे कोठे अतिवेगही नडला. मूळ आयसीला उत्तर द्यायला जो थोडा विलंब लागत असे, तो धरूनच बाकीच्या पाटीची आखणी झालेली होती. अखेर २०१२ मध्ये थॉमस गीझेल या जर्मन अभ्यासकाने या एका आयसीची बारीक मोजमापे घेऊन तिच्यावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. प्रत्येक जोडणीला काय उत्तर येते आणि किती वेळाने येते, हे त्यात नोंदविलेले आहे. त्याने ही माहिती सर्वांसाठी खुली ठेवली. त्यानंतर प्रोग्राम करता येणाऱ्या आधुनिक लहान आयसी वापरून बनविलेल्या पीएलए भरवशाच्या होऊ लागल्या.

नव्या आयसी वापरताना आणखी एक अडचण असते. जुनी यंत्रे ५ व्होल्टवर बोलतात, आजच्या बहुतेक आयसी ३.३ व्होल्टवर. सरळ जोडले तर नवी आयसी जळते. म्हणून ५ व्होल्ट सोसणारी जात निवडावी लागते, नाही तर मध्ये व्होल्टेज बदलणारी आयसी घालावी लागते. हे सगळे २८ पायांच्या मूळ आयसीच्या जागेत बसवायचे, शिवाय झाकणाला लागता कामा नये. येथे कारागिराच्या हाताचा कस लागतो.

सिड : कानाला पटले पाहिजे

आवाजाची सिड ही आयसी बॉब यॅनस या अभियंत्याने तयार केली. तीन स्वर एकाच वेळी काढणारी आणि त्यांना गाळणारा फिल्टर पोटात असणारी ही आयसी त्या काळी घरगुती कॉम्प्युटरमध्ये दुर्मीळ गोष्ट होती. तिच्या दोन जाती आहेत. जुनी ६५८१ ही १२ व्होल्टवर चालते आणि नंतरची ८५८० ही ९ व्होल्टवर. एकीच्या जागी दुसरी सरळ बसविता येत नाही.

सिडची पंचाईत अशी की तिचा फिल्टर कोष्टकात बसणारा नाही. जुन्या ६५८१ मध्ये तर एका नगाचा आवाज दुसऱ्या नगाशी तंतोतंत जुळत नाही. गिऱ्हाइकाला आठवतो तो त्याच्या स्वतःच्या यंत्राचा आवाज. संगीतकारांनाही या आयसीचे वेड आहे. स्वीडनच्या इलेक्ट्रॉन कंपनीने 'सिडस्टेशन' नावाचे वाद्य याच आयसीवर बनविले होते. उरलेल्या जुन्या आयसींचा साठा संपत आला, तसे ते वाद्य बनविणे कंपनीला थांबवावे लागले.

यावर आज बरेच पर्याय मिळतात. चेक देशात बनणारी 'आर्मसिड', जर्मनीतील 'एफपीजीएसिड', आणि आराखडा सर्वांसाठी खुला असलेली 'सिडकिक पिको' ही त्यांतील काही नावे. आत लहान प्रोसेसर किंवा हवी तशी रचना करता येणारी आयसी असते आणि ती सिडचे वागणे गणिताने वठविते. पैकी काहींना ६५८१ की ८५८० यांपैकी कोणाचा आवाज काढायचा ते सांगता येते. कोणी एक पसंत करतो, कोणी दुसरी. येथे स्वस्त आणि महाग अशा दोन्ही मालांना गिऱ्हाईक आहे, कारण एकाला फक्त खेळ खेळायचा असतो आणि दुसऱ्याला मैफल ऐकवायची असते.

जेथे वस्तू दुर्मीळ झाली तेथे लबाडीही आली. जुन्या, मेलेल्या किंवा भलत्याच आयसींवरील अक्षरे घासून त्यावर ६५८१ किंवा ८५८० छापून विकण्याचे प्रकार सर्रास झाले. परिणामी अनोळखी विक्रेत्याकडून "अस्सल जुनी" आयसी घेण्यापेक्षा नाव सांगून विकलेली नवी बदली आयसी गिऱ्हाईक पसंत करू लागले. "ही मूळ नाही, मी बनविलेली आहे, अमुक गोष्टी यात होतात, तमुक होत नाहीत" असे स्पष्ट लिहून विकणाऱ्यांचा माल टिकला. या धंद्यात पुढील गिऱ्हाईक मागच्या गिऱ्हाइकाच्या शब्दावर येते, त्यामुळे मालातील ऐब झाकणे फार महाग पडते.

फ्लॉपी गेली, कार्ड आले

कमोडोर ६४ चा १५४१ हा फ्लॉपी ड्राइव्ह वजनदार आणि धीमा. एका बाजूवर सुमारे १७० किलोबाइट मावत. त्याचे यांत्रिक भाग झिजतात, फ्लॉप्यांवर बुरशी चढते. आज बोटाच्या नखाएवढ्या मेमरी कार्डात अशा लाखो फ्लॉप्या मावतात. साहजिकच कार्ड लावण्याची सोय असलेला बदली ड्राइव्ह निघाला. 'एसडीटूआयईसी' या नावाने तो ओळखला जातो. त्यातील प्रोग्राम खुला असल्याने कोणीही तो बनवून विकू शकतो आणि तो सर्वांत स्वस्त पर्याय आहे.

परंतु तो सर्व खेळ चालवीत नाही. कारण १५४१ हा नुसता ड्राइव्ह नव्हता, त्याच्या पोटात स्वतंत्र प्रोसेसर आणि २ किलोबाइट स्मृती असलेला एक लहान कॉम्प्युटरच होता. पुष्कळ खेळ आपला खास प्रोग्राम त्या ड्राइव्हमध्ये पाठवून तेथे चालवीत आणि जलद गतीने मजकूर उचलीत. ज्या बदली ड्राइव्हला फक्त "फाइल दे" एवढेच कळते, तो येथे अडतो. म्हणून पुढे संपूर्ण ड्राइव्हची ठोक्याला ठोका जुळवून नक्कल करणारी उपकरणे आली. नेदरलँड्सच्या गिडिऑन झ्वाइट्झर या अभियंत्याचे '१५४१ अल्टिमेट' हे त्यांत गाजले. ते महाग आहे, तरी त्याला मागणी राहिली, कारण गिऱ्हाइकाला पुन्हा दुसरे घ्यावे लागत नाही.

खोक्यापासून संपूर्ण पाटीपर्यंत

हळूहळू या कारागिरांनी एकेका भागावरून संपूर्ण यंत्रापर्यंत मजल मारली. नंतरच्या काळातील कमोडोर ६४सी या नमुन्याच्या खोक्याचे मूळ पोलादी साचे भंगारात न जाता शिल्लक राहिले होते. २०१५ च्या सुमारास गिऱ्हाइकांकडून आगाऊ पैसे गोळा करून त्याच साच्यांतून नवे खोके काढण्यात आले.

२०१५ मध्ये जर्मनीच्या इंडिव्हिज्युअल कॉम्प्युटर्स या छोट्या कंपनीने 'सी६४ रीलोडेड' ही नवी मुख्य पाटी आणली. तिच्यात जुन्या मुख्य आयसी काढून बसवायच्या, बाकी सर्व नवे. पण मूळ आयसीच मिळेनाशा झाल्यावर काय, हा प्रश्न राहिलाच. २०१८ मध्ये झ्वाइट्झर यांनी 'अल्टिमेट ६४' ही पाटी काढून त्याचे उत्तर दिले. प्रोसेसर, चित्र आणि जोडणी या सर्व आयसींचे काम तिच्यातील एकच मोठी आयसी करते. जुना खोका आणि जुना कीबोर्ड तिला जसाच्या तसा बसतो. हवी असल्यास अस्सल सिड लावायला जागाही ठेवलेली आहे.

२०२५ मध्ये या कथेने आणखी एक वळण घेतले. जुन्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ करणाऱ्या ख्रिश्चन सिम्पसन यांनी सहकाऱ्यांसह कमोडोर हे नावच विकत घेतले आणि 'कमोडोर ६४ अल्टिमेट' या नावाने संपूर्ण नवा कॉम्प्युटर विक्रीस काढला. सुरुवातीची किंमत ३०० डॉलरच्या आसपास होती. त्याच्या पोटात झ्वाइट्झर यांचीच पाटी आहे. एक ड्राइव्ह बदलून देण्यापासून सुरू झालेले काम नव्या कंपनीच्या मुख्य मालापर्यंत पोहोचायला दीड दशकाहून अधिक काळ लागला.

धंद्याचे गणित

या धंद्याची रीत नेहमीच्या कारखान्याहून वेगळी आहे. माल हजारांनी नव्हे, पन्नास-शंभरांनी बनतो. आराखडा मोफत मिळणाऱ्या प्रोग्रामवर आखता येतो, पाट्या पाच-दहा नगांपासून बाहेरून छापून मिळतात. त्यामुळे भांडवल थोडे लागते. खरा खर्च अभ्यासाचा, चाचणीचा आणि परत आलेल्या मालाचा.

केवळ उदाहरणादाखल हिशेब मांडू. समजा एक बदली आयसी बनविण्यास सामानाचा खर्च २५० रुपये आणि विक्रीचा भाव ६०० रुपये धरला. ५० नगांना १२,५०० रुपये गुंतले. ४ नग चाचणीत नापास झाले, २ गिऱ्हाइकांना बदलून द्यावे लागले. म्हणजे पैसे ४४ नगांचेच आले : २६,४०० रुपये. हातात १३,९०० रुपये उरले. आता प्रत्येक नगाला जोडणी व चाचणी मिळून अर्धा तास धरला तर २५ तासांची मजुरी त्यातच आहे. पॅकिंग आणि टपाल वेगळे. आराखडा आखण्यात गेलेले महिने तर पहिल्या ५० नगांत वसूल होतच नाहीत. फायदा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपासून दिसतो. म्हणून ज्याला एका खेपेत श्रीमंत व्हायचे आहे, त्याने इकडे वळू नये.

चाचणीसाठी एकच यंत्र पुरत नाही. कमोडोर ६४ च्या मुख्य पाटीचे अनेक नमुने निघाले. सुरुवातीच्या पाटीवर स्मृतीच्या ८ आयसी, तर शेवटच्या पाटीवर २. युरोपचे आणि अमेरिकेचे यंत्रही चित्राच्या पद्धतीत वेगळे. एका नमुन्यावर चाललेला भाग दुसऱ्यावर चालेलच असे नाही. जो कारागीर निरनिराळे नमुने जमवून ठेवतो आणि "या या पाटीवर तपासले" असे लिहून देतो, त्याचा माल परत कमी येतो.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. पेटंटची मुदत साधारण २० वर्षांची असते, त्यामुळे १९८० च्या दशकातील आयसींचे काम करणारा नवा भाग बनविण्यास आता त्या पेटंटची आडकाठी उरलेली नाही. परंतु यंत्राच्या आतील कायम प्रोग्रामचा लेखनहक्क पुष्कळ दीर्घकाळ चालतो आणि व्यापारचिन्ह तर नूतनीकरण होत राहील तोवर जिवंत असते. म्हणून भाग आपल्या नावाने विकावा, कोणाचे चिन्ह छापू नये आणि दुसऱ्याचा प्रोग्राम परवान्याशिवाय भरून देऊ नये. खुल्या आराखड्यावरून माल बनवितानाही त्याच्या अटी वाचाव्यात. काही आराखडे विक्रीस मोकळे असतात, काही फक्त स्वतःच्या वापरासाठी.

आपल्या कारागिरांसाठी

हे वाचून सर्वांनी कमोडोर ६४ चे भाग बनवायला बसावे, असे मुळीच सुचवायचे नाही. त्या बाजारात आधीच जाणकार मंडळी आहेत आणि गिऱ्हाईक बहुतांशी परदेशात आहे. परंतु जी रीत तेथे उपयोगी पडली ती आपल्या जवळच्या यंत्रांनाही लागू पडते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आयसी ओळखणारे आणि हाताने सफाईदार सोल्डर करणारे कारागीर कमी नाहीत. भिवंडी आणि मालेगावच्या मागांपासून छापखान्यांच्या यंत्रांपर्यंत, कंट्रोल पाटी जळाली आणि बनविणारा उरला नाही म्हणून उभी असलेली यंत्रे कोठेही सापडतील. मालकाचे त्यात भांडवल अडकलेले असते आणि मजुराची रोजी.

अशा यंत्रासाठी बदली भाग बनविण्याआधी कारागिराने स्वतःला काही प्रश्न विचारावेत. हा भाग वरचेवर जातो की एकदाच गेला? अशी किती यंत्रे अजून चालू आहेत? या भागाचे काम मला पूर्ण समजले आहे की फक्त त्याचा आकार दिसतो आहे? माझा भाग बिघडला तर तो नुसता बंद पडेल की सोबत गिऱ्हाइकाचे यंत्रही घेऊन जाईल? मोजमापांची वही मी ठेवली आहे काय, की उद्या माझा मुलगा किंवा शागीर्द तीच वस्तू पुन्हा बनवू शकेल?

यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कमोडोरच्या कारखान्यातील ज्ञान कंपनीबरोबर विखुरले आणि बाहेरच्या लोकांना ते एक-एक आयसी मोजून परत मिळवावे लागले. आपल्याकडेही पुष्कळ उस्तादांचे ज्ञान त्यांच्या हातांतच राहते आणि त्यांच्याबरोबरच जाते. जुन्या यंत्राची पाटी दुरुस्त करून द्याल तेव्हा कोठे किती व्होल्टेज होते, काय जळाले होते आणि त्या जागी काय घातले, एवढे तरी एका वहीत तारखेसह लिहून ठेवावे. दोन-चार वर्षांत तीच वही कोणता भाग बनविण्याजोगा आहे ते सांगू लागेल.